खापरांचं मतदान आणि गटबाजी
प्राचीन अथेन्समध्ये खापरांवर नाव कोरून एखाद्याला हद्दपार करायचं मतदान होई. तिथले लोक त्यातून रागाच्या भरात कोणालाही हद्दपार करत, असं म्हणतात ते पटत नाही. आधी नागरिकांच्या सभेत फक्त यंदा असं मतदान घ्यायचं का, एवढंच ठरे. कोणाचं नाव नाही. खापरांवर नावं कोरायची ती त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी, अगोरात, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात. ६००० खापरं भरली नाहीत तर सगळंच रद्द. हद्दपारी १० वर्षांची, पण जमीनजुमला शाबूत.

खरी गोम गटबाजीत होती. अ‍ॅक्रोपोलिस या अथेन्समधल्या टेकडीच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लिस या अथेन्सच्या नेत्याच्या नावाची सुमारे १९० खापरं सापडली, अक्षर मात्र जेमतेम १४ जणांचं! वाटण्यासाठी आधीच लिहून ठेवलेला गठ्ठाच तो. पुढे निकियास आणि अल्किबियादिस या प्रतिस्पर्धी नेत्यांच्या गटांनी हातमिळवणी करून हिपरबोलस या तिसऱ्याच नेत्याला हद्दपार करवलं. त्यानंतर ही पद्धत पुन्हा वापरली गेली नाही.