मदत हवी आहे: भूपट्ट एकीकडे अडकतो, दुसरीकडे गुपचूप सरकतो, असं का?

गुहागरजवळ नववीला भूगोल शिकवते. 1945 मध्ये मकरानच्या (पाकिस्तान-इराणच्या) किनाऱ्याजवळ 8.1 तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्सुनामी मुंबईपर्यंत आली, हे सांगितल्यापासून मुलं सोडत नाहीत. (कोयनेचं प्रकरण वेगळं, हे सांगून झालंय.)

एक भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा) दुसऱ्याखाली वर्षाला काही सेंटिमीटर जातो, मध्येच अडकतो, वरचा वाकत राहतो आणि पकड सुटली की उसळतो, इथवर जमलं. पॉलिशपेपरवर जांभ्याचा तुकडा ठेवून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने ओढला. पट्टी ताणते, दगड ढिम्म, मग एकदम धाडकन पुढे. मुलं खूश. तेवढ्यात एकीने विचारलं, "बाई, खाली चिखल असेल तर?" चिखलावर तो मुकाट सरकला, झटका नाहीच!

आता मीच अडकलेय. 2011 ला जपानमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा समुद्रातल्या खंदकाजवळ (जिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली जायला लागतो) चिकणमातीचा मऊ थर होता, तरी तिथे सुमारे 50 मीटर सरकण झाली. प्रोजेक्टर नाही, तास 35 मिनिटांचा, म्हणजे फळा किंवा हाताशी असलेलं सामानच. पकड नेमकी कशाने ठरते: गाळ, पाण्याचा दाब की खडबडीतपणा? आणि मऊ थरावर एवढा झटका कसा बसला?