सावजी मटणासोबत वाइन कडवट का लागली?

काळीमाती (यवतमाळ जिल्हा): डिसेंबरात नाशिकच्या एका द्राक्षमळ्यात शिराझ (लाल) आणि शेनिन ब्लाँ (पांढरी) या दोन्ही वाइन चाखल्या, आवडल्या, म्हणून एकेक बाटली गावी आणली. परवा सावजी मटणासोबत शिराझ उघडली, तेव्हा तिखट दुप्पट झाल्यासारखे वाटले आणि वाइन चक्क कडवट लागली. दोष वाइनचा की माझ्या जिभेचा?

पाटोडीरस्सा: दादा, दोष जोडीचा आहे. लाल वाइन द्राक्षाच्या सालीसह आंबवली जात असल्यामुळे तिच्यात टॅनिन उतरते. त्याचा तुरटपणा मिरचीपुढे अधिकच बोचतो आणि अल्कोहोलमुळे दाह वाढतो. सावजीसोबत शेनिन ब्लाँ 8 ते 10 अंशांवर गार करून घ्यावी, आणि ती किंचित गोडसर असेल तर उत्तमच. शिराझ मात्र कमी तिखटाच्या, निखाऱ्यावर भाजलेल्या मटणासाठी राखावी. (सावजीचे तिखट कमी करा, असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही.)

पळसवाट: बाटली ठेवली कुठे होती, हेही सांगावे. वाइनला 12 ते 15 अंशांची स्थिर, अंधारी जागा मानवते; आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 वर जातो, तेव्हा टिनाच्या छपराखाली ती शिजल्यासारखी लागते. शिवाय वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, त्यामुळे प्रवासाचा रस्ता पाहूनच बाटली सोबत घ्यावी.

काळीमाती: बाटली धान्याच्या कोठीमागे, गारव्यातच होती, ताई. शेनिन ब्लाँ आता रविवारी पाटोडीच्या रश्श्यासोबत उघडतो.