एस्टेवनचा संघ गेला, त्यात गावाचा दोष किती?

माळरान (धागाकर्ता): कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात, अमेरिकेच्या सीमेजवळ, एस्टेवन हे कोळशाच्या खाणींचे आणि तेलविहिरींचे छोटे गाव आहे. तेथील 'एस्टेवन ब्रुइन्स' हा ज्युनिअर आइस हॉकी संघ १९५७ पासून खेळत असला, तरी १९६६ मध्ये सुरू झालेल्या पश्चिम कॅनडाच्या वरच्या लीगमध्ये तो जेमतेम पाच मोसम राहिला आणि १९७१ मध्ये ब्रिटिश कोलंबियातील न्यू वेस्टमिन्स्टरला हलवला गेला. "एवढ्याशा गावाला असा संघ पेलणारच नव्हता" हे मत मला मान्य नाही. याच संघाने १९६८ मध्ये मेमोरियल चषकाच्या, म्हणजे कॅनडाच्या ज्युनिअर हॉकीतील राष्ट्रीय विजेतेपदाच्या, अंतिम लढतीपर्यंत धडक मारली होती. तेथे त्याला हरवणारा नायगारा फॉल्स फ्लायर्स आणि एस्टेवन हे दोन्ही संघ बॉस्टन ब्रुइन्सच्या आश्रयाखालचे होते, कारण त्या काळी एनएचएलचे (बॉस्टन ब्रुइन्स ज्यात खेळतो त्या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक लीगचे) संघ ज्युनिअर संघांना पैसा पुरवत आणि मोबदल्यात त्यांच्या खेळाडूंवर हक्क ठेवत. साठच्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत मोडीत निघाली आणि लहान गावांचा मोठा आधार गेला. माझ्या मते संघ जाण्याचे मूळ तेथे आहे.

उत्तरवाट: मी असहमत आहे. आश्रय सर्वांचाच सुटला, पण एडमंटन आणि सास्काटून या शहरांचे संघ टिकले. एस्टेवनचे खरे नुकसान १९६८ मध्ये झाले, जेव्हा सस्कॅचेवानमधीलच रेजायना, मूस जॉ आणि वेबर्न येथील तिन्ही संघ लीग सोडून गेले. वेबर्न तर शंभर किलोमीटरच्या आत होते! शेजारच्या गावाशी सामना असला की दोन्हीकडचे प्रेक्षक येतात. तो गल्ला बुडाला आणि उत्तर मॅनिटोबातील फ्लिन फ्लॉनपर्यंतचे बसप्रवास मात्र राहिले. शाळकरी वयाच्या मुलांना हिवाळ्यात असे फिरवणे मला योग्य वाटत नाही. शिवाय न्यू वेस्टमिन्स्टरला गेल्यावर एस्टेवनच्या याच संघाने १९७७ आणि १९७८ मध्ये मेमोरियल चषक जिंकला.

माळरान: जिंकला, हे खरे, परंतु १९८१ मध्ये तोच संघ न्यू वेस्टमिन्स्टर सोडून कॅमलूप्सला गेला, म्हणजे मोठ्या वस्तीनेही त्याला धरून ठेवले नाही. उलट सस्कॅचेवानमधलेच स्विफ्ट करंट हे छोटे गाव पाहा. त्या गावाचा संघ १९७४ मध्ये लेथब्रिजला गेला होता, पण गावाने १९८६ मध्ये तो परत मिळवला. त्याच वर्षी ३० डिसेंबरला बसच्या अपघातात चार खेळाडू दगावले, त्यामुळे प्रवासाबद्दलची आपली काळजी मी मुळीच हलकी मानत नाही. तरीही गावाने संघ सोडला नाही आणि १९८९ मध्ये त्या संघाने मेमोरियल चषक जिंकला.

दवबिंदू: आपण दोघेही वरच्या श्रेणीलाच संघाचे आयुष्य समजत आहात. १९७१ मध्येच त्याच नावाचा नवा संघ एस्टेवनमध्ये उभा राहिला. तो एक पायरी खालच्या प्रांतिक लीगमध्ये खेळतो, वेबर्नशी त्याची चुरस आजही चालते आणि २०२२ मध्ये त्या श्रेणीच्या राष्ट्रीय स्पर्धेचे यजमानपदही एस्टेवनने सांभाळले. अशा गावाला हा स्तर अधिक मानवतो, असे मला वाटते.