मदत हवी आहे: काजू कारखान्याच्या सर्व्हरला कोअर जास्त की गिगाहर्ट्झ?

वेंगुर्ल्याजवळ आमचा काजूचा कारखाना. बी खरेदी, सोलणी, ग्रेडिंग, सगळा हिशेब एकाच सर्व्हरवर. २०१७ च्या पिढीचा इंटेल प्रोसेसर झिऑन सिल्व्हर ४११०: ८ कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग), वेग २.१ गिगाहर्ट्झ, टर्बो म्हणजे गरजेला वाढणारा वेग ३.०. डेटा एसक्यूएल सर्व्हर २०१९ एक्सप्रेसमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसची फुकट आवृत्ती). एप्रिल-मेत बीच्या गाड्या लागल्या की संध्याकाळचा स्टॉक रिपोर्ट २५ मिनिटं खातो, आणि टेम्पोवाला दारात हॉर्न मारत उभा.

कोल्हापूरचा सप्लायर म्हणतो, "१६ कोअरचा सिल्व्हर ४३१४ घ्या, दहा वर्षं बघायला नको." पण रिपोर्ट चालू असताना टास्क मॅनेजर बघितला तर सीपीयू जेमतेम ६-७ टक्के! थ्रेडवार (एका कोअरला दोन थ्रेड, म्हणजे कामाच्या दोन रांगा) आलेख लावल्यावर कळलं: १६ चौकटींतली एक छताला टेकलेली, बाकीच्या झोपलेल्या. १०० भागिले १६, सव्वासहा. म्हणजे रिपोर्ट एकाच कोअरवर चालतो, जास्त कोअर नुसते बसून राहतील.

म्हणून मनात ६ कोअरचा, पण जास्त वेगाचा झिऑन ई-२३३६ आहे (२.९, टर्बो ४.८). पण त्याला मेमरीचे चॅनल (मेमरीकडे जाणारे रस्ते) दोनच आणि मर्यादा १२८ जीबी. ४३१४ ला चॅनल आठ. इथे अडकलोय. जुन्या सर्व्हरच्या १६ जीबीच्या चार आरडीआयएमएम (रजिस्टर्ड मेमरी) स्टिका ई-२३३६ मध्ये चालतील का?

खाडीकाठचा: स्टिका विसरा. ई-२३३६ ला अनबफर्ड ईसीसी (चुका सुधारणारी, पण रजिस्टर नसलेली मेमरी) लागते, रजिस्टर्ड चालत नाही. बाकी तुमचा अंदाज बरोबर. एक्सप्रेस ४ कोअरच्या वर जातच नाही आणि डेटासाठी १,४१० एमबीच मेमरी धरतो, मग आठ चॅनल कोणासाठी? एका सर्व्हरवर दहा-बारा व्हर्च्युअल मशीन (आभासी कॉम्प्युटर) चालवणाऱ्याला ते हवेत. फक्त ४.८ हा आकडा सगळे कोअर कामाला लागल्यावर मिळत नाही, आणि मे महिन्यात खोलीला एसी नसेल तर विचारूच नका, तापला की वेग उतरतो. पैसे देण्याआधी बॅकअप एखाद्या नव्या डेस्कटॉपवर रिस्टोअर करून तोच रिपोर्ट काढा. तिथेही २५ मिनिटं लागली तर रोग प्रोसेसरला नाही, डेटाबेसचे इंडेक्स (शोधसूची) तपासा.

धागाकर्ता: काढला. मुलाच्या आय५-१२४०० वर (टर्बो ४.४) ११ मिनिटं. डिस्क दोन्हीकडे एसएसडीच. सप्लायरकडून ई-२३३६ चं कोटेशन मागवलंय, एसीचं वेगळं. स्टिका कुणाला हव्या असतील तर सावंतवाडीपर्यंत आणून देतो.