टीम नाही, मेकॅनिक नाही: पुण्याहून बाहेरच्या एमटीबी (माउंटन बाइक) रेसला जाताना काय काय सांभाळायचं?

वेताळ२९

नमस्कार मंडळी. या सीझनपासून पूर्णवेळ रेसिंग करायचं ठरवलंय, सगळं स्वखर्चाने. सुरुवात हिमाचलातल्या आठवडाभराच्या स्टेज रेसने (रोज एक टप्पा), मग राज्याबाहेर दोन एक्ससीओ (ऑलिंपिक प्रकारच्या क्रॉस-कंट्री रेस), आणि पैसे जमले तर एक रेस परदेशात. सायकल कार्बन हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन), २९ इंच, १×१२ गिअर, हायड्रॉलिक डिस्क, २.३५ चे ट्यूबलेस टायर. माझं वजन ६६ किलो. सराव वेताळ टेकडी, बाणेर-पाषाण टेकडी आणि बोपदेवच्या बाजूला चालू आहे.

फिटनेसचं कोच बघतायत. मला विचारायचंय ते बाकीचं. सायकल रेल्वेने न्यावी की विमानाने? पॅक कशी करावी? कुठले सुटे भाग घ्यायलाच हवेत? आणि आठवडाभर रोज चार-पाच तास चालवायची असताना पोट कसं सांभाळायचं? नुसतं "सगळं बरोबर ठेव" नको, नेमकं सांगा.

घाटमाथा

प्रवासापुरतं मी सांगतो.

हिमाचलसाठी झेलम एक्सप्रेस सोयीची, कारण ती पुण्यातूनच सुटते. गाडी जिथून सुटते तिथे सामान चढवायला वेळ मिळतो. मधल्या स्टेशनवर पाच मिनिटांच्या थांब्यात हमाल आधी कोणाची पेटी उचलेल याचा भरवसा नाही. सायकल ब्रेकव्हॅनमध्ये (गाडीच्या सामानाच्या डब्यात) जाते, त्यासाठी पार्सल ऑफिसमध्ये आपलं तिकीट दाखवून ती लगेज म्हणून बुक करायची. नुसतं पार्सल म्हणून टाकलीत तर त्याच गाडीने जाईलच असं नाही, दोन दिवसांनीही पोचू शकते. ब्रेकव्हॅनमधली जागा बऱ्याचदा ठेकेदाराला लीजवर दिलेली असते, म्हणून आदल्या दिवशी जाऊन जागा आहे का ते विचारून या. सुटायच्या दिवशी दोन-तीन तास आधी पोचा.

अडचण उतरताना येते. तुम्ही अंबाला कँटला उतरणार, गाडी पुढे जम्मूकडे जाणार. बॉक्सच्या दोन्ही बाजूंना जाड मार्करने 'पुणे ते अंबाला कँट', गाडी नंबर, पावती नंबर आणि फोन लिहा. सायकल पुढच्या ब्रेकव्हॅनमध्ये चढवली की मागच्या, हे चढवतानाच डोळ्यांनी बघून ठेवा. अंबाला यायच्या आधीच डब्याडब्यातून त्या टोकाला सरकून उभे राहा. बॉक्स खाली आलेला दिसेपर्यंत तिथून हलू नका. पुढे शिमल्यापर्यंत टॅक्सी किंवा बस.

विमानाने चंदीगड गाठलं तर दीड-दोन दिवस वाचतात. पण देशांतर्गत तिकिटावर चेक-इन सामान साधारण १५ किलो. सायकल साडेअकरा, पुठ्ठ्याचा बॉक्स तीन, त्यात हत्यारं टाकली की गेलंच. जादा वजन आधी ऑनलाइन घ्या, काउंटरवर महाग पडतं. तिकीट काढण्याआधी त्या कंपनीचे खेळाच्या सामानाचे नियम आणि बॉक्सच्या मापाची मर्यादा वाचा.

टॉर्कपाच

पॅकिंग. सायकलच्या दुकानात नव्या सायकलींचे रिकामे खोके असतात, २९ च्या एमटीबीचाच मागून घ्या. रोड बाइकचा खोका अरुंद पडतो आणि मग हँडल जबरदस्तीने कोंबलं जातं.

आधी चेन मागच्या सगळ्यात लहान दात्यावर (गिअरच्या चक्रावर) आणा, मग आरडी (चेन सरकवणारा मागचा डिरेलर) हँगरवरून, म्हणजे तो फ्रेमला जिथे अडकवतात त्या पट्टीवरून, सोडवा, बबल रॅपमध्ये गुंडाळून मागच्या त्रिकोणाच्या आत झिप टायने बांधा. हे कंटाळा करून सोडू नका. खोका आडवा पडला की पहिला मार आरडीवर बसतो, हँगर दोन-तीन मिलिमीटर वाकतो, आणि डोळ्यांना काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यात मोठ्या दात्यावर चेन टाकली की आरडी थेट स्पोक्समध्ये.

पेडल काढताना डावं उलट्या आट्यांचं आहे हे लक्षात असू द्या. रोटर (डिस्क ब्रेकची तबकडी) काढून दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवा. सहा बोल्टचा असेल तर टी-२५ लागतो, सेंटर लॉक असेल तर त्याचं हत्यार सोबत हवं. चाक काढल्यावर ब्रेक पॅडच्या मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा घालायचाच. प्रवासात लिव्हर एकदा जरी दाबला गेला तरी पिस्टन बाहेर येतात आणि मग रोटर आत जात नाही. फोर्कच्या पायांमध्ये आणि मागच्या ड्रॉपआउटमध्ये (चाक बसतं त्या खाचेत) तुकडा किंवा डमी अॅक्सल बसवा, म्हणजे वरून वजन पडलं तरी ते आत दबणार नाहीत.

विमानतळावर टायरची हवा काढा म्हणतील. ट्यूबलेस पूर्ण रिकामा केला तर बीड (टायरची कड) रिमवरून सुटतं आणि सीलंट (पंक्चर बुजवणारं आतलं द्रव) खोक्यात सांडतं. साधारण १० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवा, दाबून दाखवा, मऊ लागतो. टायर फुगवायची सीओ२ गॅसची काडतुसं न्यायचीच नाहीत, तपासणीत अडकतात. हत्यारं, पंप चेक-इनमध्ये. वायरलेस गिअर असतील तर बॅटरी आरडीवरून काढा, सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त केबिनमध्ये चालतात.

जोडताना टॉर्क रेंच पाहिजेच. स्टेमचे बोल्ट बहुतेक ५ न्यूटन मीटर, मागचा अॅक्सल १२ च्या आसपास. नेमका आकडा त्या भागावरच छापलेला असतो, तोच धरा. स्टेमचे चार बोल्ट आळीपाळीने, तिरपे, थोडे थोडे.

सुटे भाग, महत्त्वाच्या क्रमाने: तुमच्याच फ्रेमचे दोन हँगर (हा भाग शिमल्यात तर सोडाच, पुण्यातही ऑर्डर देऊन मागवावा लागतो), ब्रेक पॅडच्या तीन जोड्या, एक आरडी, एक चेन आणि १२ स्पीडचे तीन क्विक लिंक, मागचा एक टायर, सीलंट ५०० मिली, व्हॉल्व्ह कोअर चार आणि ते काढायचं हत्यार, प्लग, दोन ट्यूब, आतली गिअर केबल, क्लीट (बूट पेडलला अडकवणाऱ्या पट्ट्या) आणि त्यांचे बोल्ट, तुमच्या चाकाच्या लांबीचे चार स्पोक. जुन्या टायरच्या बाजूचा तळहाताएवढा तुकडा कापून ठेवा. टायर दगडावर चिरला तर आतून तोच लावायचा.

वेताळ२९

दोघांचेही खूप आभार. पॅड तीन जोड्या? माझ्याकडे आत्ता रेझिनचे आहेत आणि सहा महिने झाले तरी चालतायत.

टॉर्कपाच

पुण्याच्या टेकड्यांवर उतार लहान आहेत आणि वर्षातले बरेच महिने कोरडे. हिमाचलातली जलोरी खिंड ३,१२० मीटरवर आहे. तिथून उतरायला लागलं की ब्रेक थंड व्हायला उसंतच मिळत नाही. त्यात पाऊस आला तर चिखल आणि बारीक वाळू पॅड-रोटरमध्ये जाते आणि रेझिनचा नवा पॅडसुद्धा एकाच दिवसात संपू शकतो. अशा रेसला सिंटर्ड म्हणजे धातूचे पॅड घ्या. आधी रोटरवर काय लिहिलंय ते बघा. 'रेझिन पॅड ओन्ली' असेल तर धातूचे पॅड तो रोटर खाऊन टाकतात, मग रोटरही बदलावा लागेल.

आणि तिन्ही जोड्या पुण्यातच बसवून घासून घ्या. सिंहगडाच्या उतारावर, रहदारी नसताना, २५ च्या वेगावरून जवळजवळ थांबेपर्यंत वीसेक वेळा ब्रेक. चाक लॉक होऊ द्यायचं नाही. मग काढून पुडीत, पुडीवर 'पुढचा', 'मागचा' असं लिहून. कोरे पॅड स्टेजच्या सकाळी बसवले तर पहिल्या उतारावर ब्रेक लागतच नाहीत. रोज संध्याकाळी पॅड काढून बघा. शिमानोचे असतील तर अर्धा मिलिमीटर जाडी ही शेवटची हद्द, स्टेज रेसमध्ये एक मिलिमीटर राहिला की बदला.

बाटली_नंबर_२

खाण्यापिण्याचं. रेसमध्ये तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, आणि ती पचवायची सवय आतापासून लावायची, तिथे जाऊन नाही. आत्ता ४० वर असाल तर दर आठवड्याला १० ने वाढवा.

आयात जेल परवडत नसतील तर घरचं मिश्रण उत्तम चालतं: ७५० मिली पाण्यात ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ म्हणजे दीड ग्रॅम, अर्धं लिंबू. साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मं-निम्मं असतं, दोन्ही वेगवेगळ्या वाटेने शोषली जातात, म्हणून पोट जड होत नाही. साखर-मिठाच्या पुड्या इथेच वजन करून बांधा, लिंबू तिथे मिळतं. सोबत केळं (मध्यम आकाराचं साधारण २५ ग्रॅम) आणि बिया काढलेला खजूर. शेंगदाण्याची चिक्की रेस चालू असताना नको, तिच्यातलं तेल पोटात रेंगाळतं. ती प्रवासात खा.

संध्याकाळी साधा भात आणि बिनतडक्याची डाळ मागा. हिमाचलात राजमा-चावल आणि सिड्डू (तिथली सारण भरलेली वाफवलेली पोळी) समोर येणारच, दोन्ही चविष्ट आणि दोन्ही जड. शेवटच्या स्टेजनंतर मनसोक्त खा. कच्ची कोशिंबीर, पातळ चटण्या, उसाचा रस बंद. पाणी उकळूनच. एक लिटरची किटली सोबत ठेवा.

आता एक गोष्ट जी बरेच जण सोडून देतात. बाटलीच्या तोंडावर उडालेला चिखल. २००८ मध्ये वेल्समधल्या बिल्थ वेल्सच्या एमटीबी रेसनंतर अनेक रायडर कॅम्पिलोबॅक्टरच्या जंतूने आजारी पडले होते, आणि कारण होतं तोंडात गेलेला, मेंढ्यांच्या लेंड्या मिसळलेला चिखल. आपल्याकडे मुळशीत पावसाळ्यात वाटेवर म्हशींचं शेण असतं, हिमाचलात मेंढरं आणि खेचरं. तोंडावर झाकण असलेली बाटली घ्या, पिण्याआधी दोन थेंब पिळून बाहेर टाका, चिखल फार असेल तर सरळ पाठीवरची पाण्याची पिशवी वापरा. आणि स्टेज संपल्यावर आधी हात साबणाने, मग केळं.

घाटमाथा

वरच्या मुद्द्याला जोडून, आणि हे कृपया गांभीर्याने घ्या. पोट बिघडलं किंवा पडून लागलं की माणूस जवळच्या दवाखान्यात जातो. लहान गावातले डॉक्टर चांगल्या हेतूने दोन गोष्टी पटकन करतात: सलाईन लावतात आणि डेक्सामेथासोनचं इंजेक्शन देतात. रेसरसाठी दोन्ही घातक.

वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) नियमाप्रमाणे १२ तासांत १०० मिलीपेक्षा जास्त सलाईन शिरेतून घेणं कायम बंद आहे, रेस असो वा नसो. सूट आहे ती रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया किंवा निदानाच्या तपासण्या यांच्यापुरती. छोट्या क्लिनिकमध्ये 'अशक्तपणा' म्हणून लावलेली बाटली त्यात बसत नाही. डेक्सामेथासोनसारख्या स्टिरॉइडचं कुठलंही इंजेक्शन २०२२ पासून स्पर्धेच्या काळात बंद. ट्रॅमाडॉल २०२४ पासून स्पर्धेच्या काळात बंद, आणि ते दुखण्याच्या कितीतरी जोडगोळ्यांमध्ये पॅरासिटामॉलबरोबर असतं. सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन असू शकतं. 'ताकद येईल' म्हणून दिलेल्या लेबल नसलेल्या चूर्णाला हातही लावू नका. लघवीत जे सापडेल त्याला जबाबदार रायडर, डॉक्टर नाही.

म्हणून एक कार्ड लिहून खिशात ठेवा: 'मी खेळाडू आहे, माझी डोपिंग चाचणी होते. स्टिरॉइड, ट्रॅमाडॉल, सलाईन देण्याआधी मला सांगा.' हिंदीतही लिहा. औषधाचं नाव नाडाच्या (भारताच्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या) 'नो युवर मेडिसिन'वर तपासा. घरून न्यायच्या पिशवीत ओआरएस, साधं पॅरासिटामॉल, उलटीसाठी ओन्डान्सेट्रॉन (डॉक्टरांना विचारून), जखमेसाठी पोव्हिडोन आयोडीन. धनुर्वाताचं इंजेक्शन सीझनच्या आधी इथेच घेऊन टाका. पाणी कमी पडलेल्या शरीराला आयबुप्रोफेन देऊ नका, मूत्रपिंडावर ताण येतो.

अर्थात जिवावर बेतलं असेल तर उपचार आधी. कागद सगळे जपून ठेवा आणि टीयूईचा, म्हणजे उपचारासाठी बंदी असलेलं औषध वापरायच्या परवानगीचा, अर्ज नंतर लगेच करा.

वेताळ२९

हे कार्डाचं डोक्यातच आलं नव्हतं, आजच करतो. शेवटचं एक: टायरचं प्रेशर. टेकडीवर मी पुढे १९, मागे २१ ठेवतो. तिथे उंचीमुळे बदलतं म्हणतात, ते किती?

मुरूम_आणि_माती

गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजतो. पुणे ५६० मीटरवर, शिमल्याच्या पुढचं नारकंडा सुमारे २,७०० वर. तिथे बाहेरचा दाब कमी, म्हणून पुण्यात भरलेला टायर न हात लावता साधारण ३ पीएसआय जास्त दाखवेल. पण पुण्यात २८ अंशांना भरलेली हवा तिथे सकाळी ८ अंशांना गेली की दोन-सव्वादोन पीएसआय उतरते. म्हणजे पहाटे तुम्हाला वाटेल काही बदललंच नाही. मग दहाला ऊन पडलं, काळा टायर तापला की तोच टायर टणक होतो आणि सुट्या दगडांवर पुढचं चाक घसरायला लागतं.

तेव्हा खोलीत प्रेशर लावू नका. सायकल अर्धा तास बाहेर ठेवा, मग लावा, आणि स्टेज दुपारपर्यंत चालणार असेल तर अर्धा पीएसआय कमी. स्वतःचा डिजिटल गेज न्या. मोठ्या पंपावरचा काटा ३० च्या खाली भरवशाचा नसतो, आणि दुसऱ्याच्या गेजवरचा १९ तुमचा १९ नसतो. टेकडीवरचा मुरूम गोल आणि सुटा, तिथले दगड धारदार, म्हणून मागे २३ पासून सुरुवात करा, पुढे २०. रिमला ठोका बसल्याचा आवाज आला तर मागे एक वाढवा.

सीलंट निघायच्या आठवड्यात नवं भरा, एका टायरला १०० मिली. पुण्याच्या उन्हाळ्यात भरलेलं तोपर्यंत सुकून आत रबराचा गोळा झालेला असतो.

फोर्कला उंचीचा फरक फारसा पडत नाही, त्यात ७०-८० पीएसआय असतात. पण थंडीत आतलं तेल घट्ट होतं आणि रिबाउंड (दबलेला फोर्क परत वर येणं) मंदावतो. सकाळी एक-दोन क्लिक मोकळा करा, दुपारी परत.

टॉर्कपाच

परदेशच्या रेसबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. मुंबई विमानतळावर चेक-इन करायच्या आधी कस्टम्सकडे जाऊन सायकलचं एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या. ते सायकल प्रत्यक्ष बघतात, म्हणून खोका टेपने पूर्ण बंद करून जाऊ नका, टेप आणि कात्री सोबत ठेवा. फ्रेम नंबर बॉटम ब्रॅकेटखाली असतो. त्याचा फोटो आणि खरेदीचं बिल हाताशी हवं. हे नसेल तर परत येताना महागडी सायकल तिकडे विकत घेतली असं धरून ड्युटी मागू शकतात. या कामासाठी नेहमीपेक्षा दीड-दोन तास जास्त धरून पुण्याहून निघा, आणि बॉक्स मावेल अशीच गाडी ठरवा. साध्या हॅचबॅकमध्ये मागची सीट पाडूनही २९ चा खोका जात नाही.