'ते ओकु' म्हणजे सरळ 'करून ठेवणे' का शिकवत नाहीत?

चाफा:
जपानीच्या एन-४ परीक्षेच्या पातळीवर 'ते ओकु' (क्रियापदाच्या 'ते' रूपापुढे 'ओकु') येतं आणि मराठी मुलांनाही ते इंग्रजीतून शिकवलं जातं: 'काम आगाऊ करणे'. अहो, 'ओकु' म्हणजेच ठेवणे! टेबलावर पुस्तक ठेवतात तेच क्रियापद. 'बीरु ओ हियाशिते ओकु', बीअर गार करून ठेवते. 'किप्पु ओ कत्ते ओकु', तिकीट काढून ठेवते. 'ओबोएते ओकु', लक्षात ठेवते. क्रमसुद्धा आपलाच, आधी काम, मग ठेवणं. 'माडो ओ आकेते ओइते कुदासाइ' म्हणजे खिडकी उघडी ठेवा. यात आगाऊ काय आहे? रात्री मटकी भिजत घालून ठेवणाऱ्या घरातल्या मुलाला हे इंग्रजीतून कशाला समजवायचं?

उंबरठा:
असहमत. मी वह्या तपासते. 'हातून कप फुटला' या अर्थी एकाने लिहिलं होतं, 'कोप्पु ओ वत्ते ओइता'. त्याच्या डोक्यात 'काय करून ठेवलंस हे!' मधलं ठेवणं होतं. जपानी वाचणाऱ्याला वाटेल, पुढच्या तयारीसाठी मुद्दाम फोडला. तिथे 'वत्ते शिमात्ता' हवं, म्हणजे नको असताना फुटून गेला. शिवाय रात्रपाळीआधी जपानी माणूस 'नेते ओकु' म्हणतो, तेव्हा आपण 'झोपून घेतो' म्हणतो. 'ताबेते ओकु', खाऊन घेतो. झोप, पोट आलं की मराठीत 'घेणे' येतं. आणि 'इवानाइदे ओकु'? 'न सांगता ठेवते' कोण म्हणतं? 'सध्या सांगत नाही, राहू दे', असंच ना?

चाफा:
कपाचं मान्य, ते माझ्या ध्यानात नव्हतं. पण 'झोपून घेतो' तुम्हाला सुचलं ते मराठीतूनच ना? मग ठेवणे, घेणे, राहू देणे तिन्ही शिकवा. 'आगाऊ' या एका शब्दात यातलं काहीच मावत नाही.

पारिजात:
माझा अनुभव वेगळा. एका जपानी साहेबांपुढे प्रस्ताव ठेवला. ते म्हणाले, 'कांगाएते ओकिमासु'. विचार करून ठेवतो, असा अर्थ लावून मी दोन आठवडे वाट पाहिली. तो नकार होता, मला नंतर एका सहकाऱ्याने सांगितलं. 'करून ठेवणे' पाठ असल्यामुळेच मी फसलो. मराठी प्रतिशब्द दिला की माणूस पुढे ऐकायचं थांबतो.

चाफा:
वाईट वाटलं वाचून. पण मुलगी बघून गेलेली मंडळी 'विचार करून कळवतो' म्हणतात, ते आपण बरोबर ओळखतो की. कानाची ती सवय जपानी ऐकताना वापरायला शिकवलं पाहिजे.

उंबरठा:
तिन्ही क्रियापदं एकत्र देणार असाल तर माझी निम्मी हरकत गेली. उरलेली अशी: आधी 'ते शिमाउ', म्हणजे कपाच्या वाक्यातल्या 'शिमात्ता'चं मूळ रूप, पक्कं करून घ्या. तोवर 'ठेवणे' फळ्यावर नको.