सेमिस्टरभरची फोटोग्राफी: आपलं पाणी, आपलं ऊन (अनुभव धागा)

कॅम्पातला
माळ्यावरून जुनी ट्रंक काढली, झाकण उघडलं आणि भसकन हायपोचा (फोटो पक्का करणाऱ्या रसायनाचा) वास. म्हणून हा धागा. घरातली एक पोरगी फोटोग्राफीच्या पहिल्या सेमिस्टरला आहे. तिच्या वहीतली मापं सगळी पुस्तकातली: फिल्म धुण्याच्या रसायनांसाठी २० अंशांचं पाणी, स्वच्छ ऊन. बेळगावात जुलै-ऑगस्टला ऊन कुठलं, आणि ऑक्टोबरला २० अंशांचं पाणी कुठलं? ज्यांनी जे केलंय त्यांनी मापं, सामान आणि काय बिघडतं ते लिहा. आठवणींचं पुराण नंतर.

पिनहोलपासून (लेन्सऐवजी बारीक छिद्राचा कॅमेरा) सुरू करतो. झाकण घट्ट बसणारा गोल पत्र्याचा डबा, व्यास १० सेंमी. आतून मॅट काळा रंग (चकचकीत काळा नको, उजेड आतल्या आत उड्या मारतो). १०० मिमी अंतराला छिद्र ०.४५ मिमी, म्हणजे साधारण १० नंबरच्या शिवणसुईएवढं. कोल्ड्रिंकच्या कॅनचा तुकडा पुठ्ठ्यावर ठेवून सुई फिरवत फिरवत टोचायचा, मागची कड ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायची. छिद्र मोजायला तो तुकडा स्कॅनरवर १२०० डीपीआयला टाका. २१ पिक्सेल भरले की ०.४५ झालं.

एफ नंबर (अंतर भागिले छिद्र) येतो २२२ च्या आसपास. आत फोटो पेपर, त्याची संवेदनशीलता आयएसओ ६ धरा. कडक उन्हात ३० ते ३५ सेकंद, ढगाळ असेल तर ४ मिनिटांपासून पुढे. डब्यावर वीट ठेवा, नाहीतर चिकटपट्टी काढतानाच डबा हलतो आणि दोन-दोन देवळं येतात.

एक गोष्ट पुस्तकात सापडत नाही. या कागदाला लाल रंग दिसतच नाही. खानापूर बाजूची लाल माती आणि कौलं प्रिंटमध्ये कोळशासारखी काळी येतात. एक्स्पोजर चुकलं म्हणून वेळ वाढवत बसू नका, आकाश जळून जाईल.

तिसरं गेट
कुंद्याचा (मिठाईचा) बॉक्स चालतोय काय वो?

कॅम्पातला
पुठ्ठ्याच्या सांध्यातून उजेड शिरतो आणि पावसाळी हवेत पुठ्ठा मऊ पडतो. सगळ्या कडांना काळी टेप दोनदा मारली तर चालेल. आधी कुंदा संपवा.

तिसरं गेट
ती पायरी झाली 😄

माठवाला
ऑक्टोबरच्या पाण्याचं मी सांगतो. खानापूरचा माठ घ्या, रंग न दिलेला. रात्री भरून खिडकीत ठेवा. हवा कोरडी असली की सकाळी पाणी नळापेक्षा चांगलंच गार मिळतं. पावसात माठाचा उपयोग नाही, दमट हवेत पाणी झिरपून उडतच नाही. पण तेव्हा नळालाच गार येतंय की.

तरी २० मिळालं नाही तर वेळ कमी करायची. २० वरून २४ अंशांवर गेलं तर डेव्हलपरची (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या द्रावणाची) वेळ साधारण ३० टक्के कमी. १० मिनिटांचे ७. मात्र हिशेब ५ मिनिटांच्या खाली आला तर थांबा, एवढ्या थोड्या वेळात फिल्मवर पट्टे पडतात. त्यापेक्षा डेव्हलपर जास्त पातळ करा, डी-७६ असेल तर एकास एक पाणी, म्हणजे वेळ लांबतो. बर्फ थेट द्रावणात टाकायचा नाही, प्रमाण बिघडतं. परातीत बर्फाचं पाणी घालून त्यात बाटल्या उभ्या करा.

आणि फक्त डेव्हलपर गार करून भागत नाही. स्टॉप (डेव्हलपर थांबवणारं द्रावण), फिक्सर (चित्र पक्कं करणारं), धुण्याचं पाणी, सगळं दोन-तीन अंशांच्या आत हवं. गार डेव्हलपरमधून कोमट पाण्यात गेली की फिल्मवरचं जिलेटिन आकसतं-फुगतं आणि सुरकुत्यांची जाळी पडते. ती मग निघत नाही.

निळाई
सायनोटाइप (उन्हात छापायचे निळे फोटो) कोणी लिहिलंच नाही? १८४२ साली जॉन हर्शेलने शोधलेली पद्धत, डार्करूम लागत नाही, विद्यार्थ्याला परवडते.

बाटली अ: फेरिक अमोनियम सायट्रेट (हिरवं) २५ ग्रॅम, पाणी १०० मिली. बाटली ब: पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम, पाणी १०० मिली. दोन्ही गडद बाटल्यांत वेगळी ठेवायची, लागेल तेवढीच निम्मी-निम्मी मिसळायची. ए-४ कागदाला मिसळलेलं २ मिली पुरतं. स्पंजचा ब्रश घ्या, लोखंडी पट्टीचा नको, पट्टीतलं लोखंड मिसळून निळे ठिपके येतात. साध्या पिवळ्या बल्बखाली लावा, ट्यूबलाइट बंद. स्वयंपाकाचे चमचे, वाट्या यात आणू नका, आणि फेरिसायनाइडजवळ तीव्र ॲसिड तर अजिबात नाही.

बाटली अ ला महिन्याभरात बुरशी येते. घाबरू नका, गाळून घ्या.

कागदावर निगेटिव्ह ठेवून ऑक्टोबरच्या दुपारच्या उन्हात १० मिनिटं पुरतात. ऑगस्टमध्ये ३०, ४०, कधी त्याहून जास्त. म्हणून आधी चाचणीची पट्टी करा: ५, १०, १५, २० मिनिटं. रंग हिरवट-पिवळ्यावरून करडा होऊन सावलीच्या भागात कांस्यासारखा दिसला की काढा.

आता खरी मेख पाण्यात आहे. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड आणि अल्कधर्मी. त्यात धुतलं की निळा डोळ्यांदेखत उडतो आणि लोक केमिकलवाल्याला शिव्या देतात. पहिल्या धुण्यात लिटरला एक मोठा चमचा व्हिनेगर घाला. किंवा पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी धरून ठेवा, पहिल्या दोन सरी सोडून. आपल्याकडे फुकट मिळतं, आणि त्यापेक्षा चांगलं पाणी विकत मिळणार नाही.

माठवाला
@निळाई पावसात कागद वाळत नाही त्याचं काय करतेस?

निळाई
हेअर ड्रायर, गार हवेवर, काळ्या पिशवीला भोक पाडून आत. ओला राहिला तर न उघडताच निळसर पडतो. रात्री लावून सकाळी वापर, तीन दिवस ठेवू नकोस.

वडगाव-शहापूर
यंत्रमागावर प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी थोडक्यात. लेन्स आत बदलायची नाही, सुताची धूळ सेन्सरवर बसते आणि एफ ११ ला प्रत्येक फोटोत केस दिसतात. ट्रायपॉड जमिनीवर ठेवला की मागाबरोबर तोही नाचतो. पायांखाली रबराचे जाड तुकडे घाला नाहीतर हातात धरा. धोटा (आडवं सूत नेणारा) १/१५ सेकंदाला लांब रेघ होतो, १/५०० लाही जरासा पुसटच. रेघच जास्त बोलते असं माझं मत. आणि मालकाची परवानगी असली तरी मागावरच्या माणसाला वेगळं विचारायचं.

एक गृहिणी
निळाईचं वाचून सांगते, केमिकल नको असेल तर हळद. दोन चमचे हळद, १०० मिली स्पिरिट किंवा पाण्यासारखं पातळ सॅनिटायझर (जेल नको). अर्धा तास ठेवून जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायची. कागदावर दोन हात द्यायचे, अंधारात वाळवायचं. वर पानं किंवा प्लास्टिकवर छापलेलं चित्र, त्यावर काच, आणि २ ते ३ तास कडक ऊन. उघड्या भागाचा पिवळा उडतो. मग टाकणखार एक चमचा २०० मिली पाण्यात विरघळवून फवारा मारायचा. उरलेली हळद तांबूस-तपकिरी होते. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात, तोच प्रकार. इथे निळाईच्या उलट, ज्यावर सावली राहिली ते गडद येतं, त्यामुळे निगेटिव्ह नको, पॉझिटिव्हच छापा. हे टिकत नाही. भिंतीवर लावलात तर काही आठवड्यांत फिकं पडतं, म्हणून मार्कांसाठी लगेच स्कॅन करून ठेवा.

धोतर धुऊन निघत नाही, हेही सांगते.

तिसरं गेट
म्हणजे आजोबांना विचारायचं नाही तर 😄

निपाणीकर
दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली की सगळा वर्ग तिकडं पळतो आणि सगळ्यांचे फोटो करडे येतात. वाफ पांढरी असते, कॅमेरा तिला करडी करतोय. एक ते दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). वाफेच्या मागून उजेड यायला पाहिजे, म्हणजे काहिलीच्या (रस आटवायच्या मोठ्या कढईच्या) पलीकडं दार असलं पाहिजे आणि तुम्ही अंधाराच्या बाजूला. सकाळी ७ ते ९. दार पाठीमागं ठेवून काढलात तर वाफ सपाट चादर होते.

पहाटेच्या थंडीतनं आत गेला की लेन्सवर बाष्प धरतं. पुसत बसू नका, परत धरतं. कॅमेरा बॅगेतच ठेवून १५ मिनिटं काहिलीच्या खोलीत राहू दे, मग काढा. पाकाचे शिंतोडे उडतात म्हणून पुढं साधा यूव्ही फिल्टर. शिंतोडा लेन्स क्लीनरनं फासू नका, गूळ पाण्यात विरघळतोय, आधी ओलसर फडकं.

मळी काढणं बराच वेळ चालतं, तिथं निवांत काढता येतंय. पण पाक गोळीबंद झाला की काहील ओतेपर्यंत मिनिटांचं काम. भेंडीचा रस कधी टाकणार, काहील कधी उतरवणार ते गुळव्याला आधीच विचारून ठेवा, आणि उतरवताना वाटेत उभं राहू नका. ११८ अंशांच्या आसपासचा पाक असतोय तो, मर्दानो.

लोंढा पॅसेंजर
भेंडीचा रस?? गुळात?

निपाणीकर
मळी वर येते त्यानं. रानभेंडी पाण्यात चेचायची, बुळबुळीत होतंय ते घालायचं. चव लागत नाही.

लोंढा पॅसेंजर
शिकलो. आमच्याकडून बुरशीचं घ्या. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पावसात कॅमेरा बॅगेत महिनाभर राहिला तर लेन्सवर कोळ्याचं जाळं उगवतं. हवाबंद १० लिटरचा डबा, निळी सिलिका २०० ग्रॅम, आत छोटा आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० च्या मधे. ३० च्या खाली नेऊ नका, रबर आणि वंगण सुकतं. सिलिका गुलाबी झाली की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, म्हणून जेवणाची भांडी त्याला वापरू नका. चामड्याची केस डब्यात ठेवायची नाही, बुरशीचं ते खाद्य आहे. तांदळाने काही होत नाही, पीठ मात्र आत जातं.

तिसरं गेट
बेळगाव बासमती असला तरी?

लोंढा पॅसेंजर
त्याचा भात करा.

कॅम्पातला
बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीचं (१२०४ सालचं जैन मंदिर) छत काढायचं असेल तर ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. त्याऐवजी कॅमेरा जमिनीवर पाठीवर झोपवा, खाली रुमाल, १० सेकंदांचा टायमर, एफ ८, आयएसओ १००, २ ते ४ सेकंद. काळा दगड आहे, कॅमेऱ्याच्या मापाने घेतला तर करडा होतो. इथे एक स्टॉप कमी करा, गुऱ्हाळाच्या उलट. आणि आजूबाजूला लष्करी हद्द आहे. पाटी असेल तिथे कॅमेरा बाहेर काढायचाच नाही. ड्रोन तर घरीच ठेवा.

विसर्जन स्पेशल
गणपतीची मिरवणूक: विजेचे दिवे ५० हर्ट्झवर चालतात, म्हणजे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५० किंवा १/१०० धरा. १/५०० ला गेलात की फोटोत काळे आडवे पट्टे, इलेक्ट्रॉनिक शटरला तर हमखास. एफ १.८ ची ५० मिमी, आयएसओ ३२००, रॉ. लेझर थेट कॅमेऱ्यात शिरला तर सेन्सरवर कायमची रेघ उमटू शकते, फोनच्याही. लेझर फिरायला लागले की लेन्स खाली. कपिलेश्वर तलावापाशी पोचेस्तोवर उजाडतं, दोन बॅटऱ्या पुरत नाहीत.

ओट्टाक्षर
प्रदर्शनाच्या पाट्या मराठी-कन्नड-इंग्रजी करायच्या असतील त्यांच्यासाठी. २०२२ च्या आधीच्या फोटोशॉपमध्ये मराठी पेस्ट केलं आणि जोडाक्षरं फुटली, वेलांटी पुढे गेली, तर फाँट बदलत बसू नका. प्रेफरन्समध्ये टाइपखाली वर्ल्ड-रेडी लेआउट (आणखी जुन्या आवृत्तीत मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन) निवडा, प्रोग्रॅम बंद करून परत उघडा, नवीन टेक्स्ट बॉक्स घ्या. कन्नडची खालची अक्षरंही त्यानेच सुधारतात. मग ओळींमधलं अंतर वाढवा, नाहीतर कन्नडचं ओट्टाक्षर खालच्या ओळीच्या डोक्यावर बसतं. ‘गुऱ्हाळ’, ‘दऱ्या’ हे शब्द मुद्दाम तपासा, तिथे ‘र्‍’ हमखास घोळ घालतो. लॅबला पाठवताना पीडीएफ किंवा जेपेग द्या. उघडी फाइल दिली की त्यांच्याकडे तो फाँट नसतो आणि पाटीवर चौकोन छापून येतात.

निळाई
हे आधी सांगितलं असतंस तर 🙏

वडगाव-शहापूर
प्रिंटचं: १२ बाय १८ इंच ३०० डीपीआयला म्हणजे ३६०० बाय ५४०० पिक्सेल. २४ मेगापिक्सेलचा फोटो पुरतो, फार क्रॉप केला नसेल तर. लॅबला एसआरजीबीच (फाइलमधली रंगांची पद्धत) द्या, ॲडोबी आरजीबी दिलं की रंग मेल्यासारखे येतात. प्रिंट काळी आली तर लॅबशी भांडण्याआधी स्क्रीनचा उजेड कमी करून फोटो परत बघा, बहुतेकांचा स्क्रीन फुल्ल असतो. आधी ४ बाय ६ च्या चार प्रती, वेगवेगळ्या उजेडाच्या. जी बरोबर येईल तिच्यावरून मोठी.

माठवाला
गोकाकच्या धबधब्याला कोण चाललंय का या रविवारी? पोरं विचारताहेत.

निपाणीकर
घटप्रभेला पाणी असेपर्यंत जावा. ढगाळ हवेत एफ ११, आयएसओ १००, ६ स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारा फिल्टर), दोन-अडीच सेकंद. तुषार समोरून येतात, दर फोटोला फिल्टर पुसावा लागतो, कोरडी फडकी चार-पाच न्या. झुलत्या पुलावर ट्रायपॉड लावू नका, माणूस चालला की पूल हलतोय. छत्री धरायला एक माणूस जास्तीचा घ्या.

तिसरं गेट
छत्रीला मी येतो की. येताना करदंट (गोकाकची मिठाई) मात्र थांबून घ्यायचा.